कान का वाजतो?



यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे, झरी जामणी तालुका आहे. कापूस, तूर, ज्वारी पिकवणारा, कोलाम आणि गोंड वस्त्यांचा हा मुलूख. समजा, या तालुक्यातल्या एका गावात दहावीत शिकणारा एक मुलगा आहे. दिवाळीत त्याला बिनतारी इअरबड्स मिळाले. दिवसभर शाळा आणि शेतातली कामे. मग रात्री दिवा मालवला, की तो बड्स कानात घालतो आणि गाणी ऐकत पडून राहतो. कधी एक तास, कधी दोन. आवाज मात्र पूर्ण वर नेलेला.

एके रात्री त्याने बड्स काढून डबीत ठेवले. बाहेर सामसूम होती. तरीही बारीक शिट्टीसारखा एक आवाज चालूच राहिला. तो उठून बसला. पंखा बंद केला, खिडकी लावली, मोबाइल बंद केला. आवाज थांबेना. दोन्ही कानांवर हात दाबून धरले, तर तो उलट जास्तच स्पष्ट झाला! सकाळी तो आईला म्हणाला, "आई, माह्या कानात सारखी शिट्टी वाजून राह्यली."

हा आवाज आला कोठून? बड्समधल्या बिनतारी लहरींनी कानात काही बिघाड केला का? आणि तो आवाज आता कायमचाच राहणार का? तिन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. त्यांची उत्तरे क्रमाने शोधू.

जुनाच विकार

बाहेर ध्वनीचा उगम नसताना कानात किंवा डोक्यात आवाज ऐकू येणे याला कर्णनाद म्हणतात. हा शब्द नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले आहेत आणि त्यांत कर्णनादाचा समावेश आहे. म्हणजे बड्स नव्हते, ध्वनिवर्धक नव्हते, तेव्हाही माणसांचे कान वाजत होते.

चेक संगीतकार बेडरिख स्मेताना याला १८७४ मध्ये पूर्ण बहिरेपण आले. त्याआधी त्याला कानातल्या आवाजांनी छळले होते. १८७६ मध्ये त्याने 'माझ्या जीवनातून' या नावाची चार तंतुवाद्यांसाठीची रचना लिहिली. तिच्या शेवटच्या भागात आनंदी संगीत चालू असताना एकाएकी व्हायोलिनचा एक अतिशय उंच, लांबलेला स्वर येतो. तोच आपल्या कानात वाजणारा स्वर, असे त्याने स्वतः सांगून ठेवले आहे.

पण कान वाजणारा प्रत्येक जण रोगी असतो असे मात्र नाही. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या दोन अमेरिकन संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. चांगले ऐकू येणाऱ्या ८० माणसांना त्यांनी एकेक करून ध्वनिरोधक खोलीत बसवले आणि काय ऐकू येते ते लिहायला सांगितले. खोलीत कसलाही आवाज नव्हता. तरीही शंभरात सुमारे ९४ या प्रमाणात लोकांनी गुणगुण, शिट्टी, भुणभुण असे काही ना काही ऐकू आल्याचे नोंदवले! यावरून दिसते, की श्रवणयंत्रणेत थोडीशी 'खरखर' नेहमीच असते. रोजच्या आवाजांत ती बुडून जाते, इतकेच. म्हणून आपल्या मुलाच्या बाबतीत खरा प्रश्न असा, की जी खरखर एरवी ऐकू येत नाही ती एकाएकी एवढी मोठी का झाली? त्यासाठी कानाच्या आत डोकवायला हवे.

कानाची रचना

कानाची पाळी आणि कानाची नळी हा झाला बाह्यकर्ण. प्रौढ माणसात ही नळी सुमारे २.५ सेंटिमीटर लांब असते. तिचे एक टोक उघडे आणि दुसरे पडद्याने बंद. एका टोकाला बंद असलेल्या नळीतल्या हवेचे अनुनादाचे गणित तुम्ही शिकला असाल, नसाल तर पुढे शिकाल. ध्वनीचा वेग भागिले नळीच्या लांबीची चौपट. ३४० भागिले ०.१ म्हणजे ३,४०० हर्ट्झ. या वारंवारितेच्या आसपासचे ध्वनी आपली नळीच मोठे करून आत पाठवते. हा आकडा ध्यानात ठेवा, तो पुन्हा लागणार आहे.

पडद्यामागे मध्यकर्णात हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडे आहेत. रिकीब हे शरीरातले सर्वांत लहान हाड, जेमतेम ३ मिलिमीटरचे. पडद्याचे क्षेत्रफळ रिकिबीच्या तळव्याच्या सुमारे १७ पट असते. शिवाय ही हाडे तरफेसारखे काम करतात. त्यामुळे पडद्यावरचा दाब रिकिबीपाशी वीसपटीहून अधिक वाढतो.

रिकीब ज्या ठिकाणी टेकते तेथून अंतर्कर्ण सुरू होतो. त्यात शंखासारखी अडीच वेढ्यांची एक नळी आहे. तिला कर्णावर्त म्हणतात. ती उलगडली तर सुमारे ३५ मिलिमीटर भरेल. तिच्यात द्रव असतो, आणि लांबीभर एक पातळ पटल ताणलेले असते. ध्वनी आला की या पटलावरून लाट धावते. उंच स्वराची लाट रिकिबीजवळच शिगेला पोहोचते, खालच्या स्वराची लाट पार शंखाच्या टोकापर्यंत जाते. या संशोधनासाठी गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पटलावर केशपेशींच्या चार रांगा आहेत. आतली एक रांग सुमारे ३,५०० पेशींची, बाहेरच्या तीन रांगा मिळून सुमारे १२,००० पेशींच्या. प्रत्येक पेशीच्या डोक्यावर अतिसूक्ष्म केसांचा झुबका असतो. लाट आली की झुबका कलतो, त्याच्या टोकांवरची सूक्ष्म दारे उघडतात, पोटॅशियमचे आयन आत शिरतात आणि विद्युत्-संकेत निर्माण होतो. आतल्या रांगेतल्या पेशी हा संकेत चेतातंतूंकडे देतात. बाहेरच्या पेशी स्वतः आखडून-ताणून मंद लाट मोठी करतात. कान इतका नाजूक आहे, की अगदी क्षीण आवाजाने पडद्याची होणारी हालचाल अणूच्या व्यासापेक्षाही कमी असते!

दोन्ही कानांच्या मिळून या केशपेशी सुमारे ३१,००० भरतात. दृष्टिपटलातल्या प्रकाशग्राही पेशी कोट्यवधी असतात. त्या मानाने ही पुंजी किती लहान! शिवाय कोंबडीसारख्या पक्ष्यांत मेलेल्या केशपेशींच्या जागी नव्या उगवतात, हे १९८८ च्या सुमारास दिसून आले. माणसाच्या कर्णावर्तात मात्र त्या पुन्हा उगवत नाहीत. जन्मतः जेवढ्या मिळाल्या तेवढ्यांवरच आयुष्य काढायचे.

मोठ्या आवाजाने काय होते?

ज्वारीच्या उभ्या पिकावरून वारा गेला की धांडे वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. जोराचे वादळ झाले तर पीक लोळते. त्यातले काही चार दिवसांनी उठते, ज्यांचे धांडे मोडले ते उठत नाही. केशपेशींच्या झुबक्यांचे असेच होते. लग्नाच्या वरातीत ध्वनिवर्धकाजवळ तासभर नाचून आलात, की कान दडे बसल्यासारखे वाटतात आणि वाजतात. बहुधा काही तासांत किंवा एकदोन दिवसांत हे जाते. ते गेले म्हणजे नुकसान काहीच झाले नाही, असे पूर्वी समजत. पण २००९ मध्ये अमेरिकेत कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत वेगळेच दिसले. ऐकू येण्याची पातळी पूर्ववत झाली, केशपेशीही शाबूत राहिल्या. मात्र त्यांना चेतातंतूंशी जोडणारे कित्येक सांधे कायमचे तुटलेले होते. म्हणून 'कान वाजला आणि थांबला' याला इशारा समजावे.

हे नुकसान कोठून सुरू होते? सामान्यतः ४,००० हर्ट्झच्या आसपास. आपल्या नळीचा अनुनाद ३,४०० हर्ट्झच्या जवळ, हे तुम्ही वर काढलेच आहे. त्या पट्ट्यातली ऊर्जा आत सर्वांत जास्त जाते आणि तिचा मार त्याच्या थोडे वरच्या स्वरांच्या जागेवर बसतो. स, श, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख उंच स्वरांवरूनच पटते. म्हणून अशा माणसाला बोलणे ऐकू येते, पण गलबल्यात नीट समजत नाही. मागच्या बाकावरच्या मुलाला 'लक्ष नाही' म्हणून ओरडण्यापूर्वी शिक्षकांनी हे ध्यानात घ्यावे.

मग शिट्टी कोण वाजवते?

केशपेशी गेल्या तर तेथून संकेत यायचे थांबतील, म्हणजे शांतता व्हायला हवी. उलट शिट्टी का?

तुमच्या आजोबांना विचारा. रेडिओवर नागपूर केंद्र नीट लागत नसले, तर ते काय करीत? बटण फिरवून आवाज वाढवीत. त्याबरोबर खरखरही वाढे. आपला मेंदू असेच करतो असे शास्त्रज्ञ मानतात. कर्णावर्ताच्या एखाद्या भागातून संकेत कमी यायला लागले, की मेंदूतली श्रवणकेंद्रे आपली संवेदनक्षमता वाढवतात. मग चेतापेशींची जी नेहमीची खरखर असते तीच मोठी होऊन स्वरासारखी भासते. अपघातात हात तुटलेल्या माणसाला नसलेल्या हाताची बोटे दुखल्याचा भास होतो, त्याच जातीचा हा प्रकार. म्हणूनच कर्णनादाची शिट्टी पुष्कळदा त्याच उंच पट्टीत वाजते ज्या पट्टीतले ऐकणे कमी झालेले असते.

आता हातांनी कान दाबल्यावर आवाज वाढला का, तेही उलगडते. आवाज बाहेरचा नव्हताच. कान झाकल्याने बाहेरचे आवाज तेवढे थांबले आणि आतला उघडा पडला. खेड्यातल्या शांत रात्री तो जास्त जाणवतो तो याच कारणाने.

दोष बिनतारी लहरींचा का?

आता दुसरा प्रश्न. इअरबड्स ज्या ब्लूटूथ पद्धतीवर चालतात तिच्या लहरींची वारंवारिता सुमारे २.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २४० कोटी कंपने. या रेडिओ-लहरी आहेत, ध्वनिलहरी नव्हेत. कानाचा पडदा त्यांनी हलत नाही. अशा छोट्या यंत्रांची प्रक्षेपणशक्ती सहसा काही मिलिवॉटच असते. मोबाइल फोन दूरच्या मनोऱ्याशी बोलताना याच्या कितीतरी पट शक्ती वापरतो. शिवाय या लहरींच्या एका कणाची ऊर्जा, रेणूतून इलेक्ट्रॉन उखडायला लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे दहा लाखांश असते. या लहरींमुळे कर्णनाद होतो असे आजवर सिद्ध झालेले नाही.

तेव्हा तार असलेले इअरफोन घेतले म्हणजे कान वाचले, अशी समजूत करून घेऊ नका. तारेतून आला काय किंवा बिनतारी आला काय, कानात शिरणारा ध्वनी तोच. नुकसान करतात त्याची पातळी आणि ऐकण्याचा वेळ. बड्सच्या बाबतीत एवढे खरे, की तार अडकण्याची कटकट नाही, ओझे नाही, त्यामुळे ते तासन्‌तास कानात राहतात. शिवाय बड कानाची नळी बुजवतो. आत उरलेल्या चिमूटभर हवेत थोड्याशा शक्तीनेही मोठा दाब निर्माण होतो, आणि बाहेर शेजारी बसलेल्याला त्याचा पत्ता लागत नाही. ध्वनिवर्धक मोठा लावला तर शेजारी ओरडायला येतात. बड्सच्या बाबतीत ओरडणारे कोणी नसते.

डेसिबेलचा हिशेब

ध्वनीची पातळी डेसिबेलमध्ये मोजतात. हे माप सरळ बेरजेचे नाही. पातळी १० डेसिबेलने वाढली की ध्वनीची तीव्रता १० पट होते, २० ने वाढली की १०० पट. आणि ३ डेसिबेलने वाढली की सुमारे दुप्पट. म्हणून पातळी ३ ने वाढली, तर ऐकण्याचा वेळ निम्म्यावर आणायला हवा.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये अशा यंत्रांसाठी मानक प्रसिद्ध केले. त्यात प्रौढांसाठी ८० डेसिबेलला आठवड्यात ४० तास ही मर्यादा धरली आहे. त्यावरून पुढचा तक्ता आपणच तयार करू शकतो.

८० डेसिबेल – आठवड्यात ४० तास
८३ डेसिबेल – २० तास
८६ डेसिबेल – १० तास
८९ डेसिबेल – ५ तास
९२ डेसिबेल – अडीच तास
९५ डेसिबेल – सव्वा तास

आपला मुलगा रोज २ तास, म्हणजे आठवड्यात १४ तास ऐकतो. बड्सची पातळी ८९ धरली तरी त्याची मर्यादा ५ तासांची. तो जवळजवळ तिप्पट ऐकतो. आणि पुष्कळ यंत्रे आवाज पूर्ण वर नेला की ८९ च्या बऱ्याच पुढे जातात! मुलांसाठी तर याच मानकात ७५ डेसिबेलला ४० तास अशी कडक मर्यादा सुचवली आहे.

बापाचे कान आणि मुलाचे कान

झरी जामणी आणि शेजारच्या वणी तालुक्याच्या जमिनीत कोळसा आणि चुनखडी आहे. वेकोलिच्या उघड्या खाणी, मुकुटबनजवळचा सिमेंटचा कारखाना, कापसाच्या जिनिंग. या भागातले कित्येक लोक अशा ठिकाणी कामाला जातात. छिद्रक यंत्रे, डंपर, दगड भरडणारी यंत्रे यांच्या सान्निध्यात आठ-आठ तास काढणाऱ्यांचे कान जातात, हे फार पूर्वीपासून माहीत आहे. म्हणून १९७५ मध्येच खाण सुरक्षा महासंचालनालयाने खाणींसाठी ८५ डेसिबेल ही इशाऱ्याची आणि ९० ही धोक्याची पातळी ठरवून दिली. आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा कायद्याने व्यवसायजन्य रोग मानला जातो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल अशी मर्यादा घातली.

आता विचित्र परिस्थिती पाहा. समजा, या मुलाचे वडील खाणीत काम करतात. तेथे ९० डेसिबेलचा आवाज असेल तर तो धोका आहे, कानाला संरक्षक द्या, असे नियम सांगतो. त्याच रात्री घरी मुलगा तेवढाच आवाज हौसेने कानात घालून घेतो. त्याच्यावर देखरेख करणारा निरीक्षक कोणी नाही. त्याचा स्वतःचा अंगठाच तेवढा आहे.

आता करायचे काय?

आपल्या मुलाने पहिली गोष्ट करायची ती बड्स बाजूला ठेवण्याची. कानाला काही दिवस विश्रांती द्यावी. आवाज चोवीस तासांहून अधिक टिकला किंवा पुन्हा पुन्हा येऊ लागला, तर डॉक्टरांना दाखवावे. कारण कान वाजण्यामागे मोठा आवाज हे एकच कारण नसते. साठलेला मळ, मध्यकर्णातला पू, रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब हीही कारणे असतात. हिवतापावरचे क्विनीन, जास्त प्रमाणात घेतलेले अ‍ॅस्पिरिन, जेंटामायसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने यांनीही कान वाजतात. पण म्हणून चालू औषध आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे. जवळच्या सरकारी दवाखान्यात मळ आणि पडदा पाहता येतो. पुढच्या तपासणीसाठी यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाता येते.

एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले आणि तो वाजू लागला, तर मात्र एक दिवसही दवडू नका. त्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतात. कानात लसणीचे गरम तेल ओतणे, काडी किंवा किल्लीने कोरणे हे उपाय मुळीच करू नका. पडद्याला भोक असेल तर तेल सरळ आत जाईल.

आणि तिसरा प्रश्न, आवाज कायमचा राहणार का? नुकताच सुरू झालेला कर्णनाद पुष्कळदा आपोआप कमी होतो किंवा जातो. काहींचा टिकतो. तो एका गोळीने नाहीसा करील असे औषध अजून सापडलेले नाही. तरी मेंदू हा आवाज बिनमहत्त्वाचा समजून मागे सारायला शिकतो. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक आपण विसरतो तसेच. झोपताना पंख्याचा किंवा मंद संगीताचा हलका आवाज ठेवणे, ऐकणे कमी झाले असल्यास श्रवणयंत्र लावणे, भीती कमी करणारे समुपदेशन घेणे यांनी मदत होते. सर्वांत वाईट म्हणजे ती शिट्टी बुडवण्यासाठी बड्सचा आवाज आणखी वाढवणे. त्याने उरलेल्या पेशींनाही मार बसतो.

करून पाहा

१. रात्री सर्व निजल्यावर अगदी शांत जागी पाच मिनिटे बसा आणि काय काय ऐकू येते ते वहीत लिहा. बारीक गुणगुण ऐकू आली तर घाबरू नका. १९५३ चा प्रयोग आठवा.

२. तुमचे बड्स नेहमीच्या आवाजावर लावा, कानातून काढा आणि हात लांब करून धरा. गाण्याचे शब्द तेवढ्या अंतरावरून कळत असतील तर आवाज फार मोठा आहे. ही ढोबळ कसोटी आहे, पण डोळे उघडायला पुरेशी आहे.

३. मोबाइलवर ध्वनीची पातळी दाखवणारा कार्यक्रम घेऊन वर्ग, बसस्थानक, पिठाची गिरणी, पोळ्याची मिरवणूक येथील आकडे नोंदवा. मोबाइलचे आकडे अचूक नसतात, तुलनेपुरते वापरा.

४. मुलांसाठीच्या ७५ डेसिबेलच्या मर्यादेवरून वरच्यासारखा तक्ता तयार करा. ९० डेसिबेलला आठवड्यात किती वेळ मिळतो? उत्तर निघाले की आपले गेल्या आठवड्याचे ऐकण्याचे तास त्याच्या शेजारी लिहा. (उत्तर : सव्वा तास)